सुशिक्षित तरुण आणि द्राक्षपट्ट्यातील उद्योग

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण नाशिक जिल्ह्यात सर्वांस पाठ आहे. परंतु मुलाचे शिक्षण पुरे झाले, की घरातील वडीलधारी माणसे तिचा क्रम उलटा लावतात. यात त्यांस दोष देण्याचे कारण नाही. नाशिकरोडचा छापखाना १९२५ पासून आणि ओझरचा विमान कारखाना १९६४ पासून परिसरातील लोकांस नोकऱ्या देत आला. घरातील एक भाऊ पगारावर लागला, की त्या पगारातून विहीर बांधून होई आणि अवर्षणाच्या वर्षी बियाण्याची सोय होई. नोकरीविषयीचा आदर या अनुभवातून आलेला आहे. तथापि त्या काळी शिकलेली मुले थोडी होती. आज कृषी व विज्ञान शाखांचे पदवीधर गावोगावी आहेत, आणि जागा मात्र त्या मानाने फार थोड्या. एकामागून एक भरतीच्या परीक्षा देता देता तरुणाची पंचविशी उलटते, आणि घरच्या दोन-तीन एकरांवर पोटे मात्र वाढलेली असतात.

अशा तरुणास ‘मग एखादा धंदा कर’ असा सल्ला सर्वत्र दिला जातो. हा सल्ला अपुरा आहे. विकसनशील देशांत स्वतःचा लहानसहान व्यवसाय करणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा अधिक आढळते. तेथील माणसे अधिक धाडसी आहेत म्हणून नव्हे, तर बेकार बसणे तेथे कोणास परवडत नाही म्हणून. निरुपायाने काढलेला धंदा बहुधा शेजाऱ्याच्या धंद्याची नक्कल असतो. एका रस्त्यावर एक कृषी सेवा केंद्र बरे चालले, की त्याच रस्त्यावर दुसरे व तिसरे उभे राहते. तिघेही हंगामापर्यंत उधारी देतात. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तशी गारपीट झाली, की तिघांचीही उधारी बुडते. मुलाच्या दुकानासाठी बापाने गहाण टाकलेली जमीन त्या बुडीत खात्यात अडकते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

याउलट, कोणाची तरी अडचण नीट पाहून उभा केलेला उद्योग कसा असतो, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले विलास शिंदे यांनी नोकरी न पत्करता शेती धरली. आरंभीच्या वर्षांत त्यांस कर्ज झाले. पुढे २००४ पासून त्यांनी काही शेतकऱ्यांसह द्राक्षांची निर्यात आरंभिली. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्यावरून भारतीय द्राक्षे युरोपात अडली आणि बागाईतदारांस मोठा फटका बसला. शेंड्यांची वाढ आवरण्यासाठी वर्षानुवर्षे फवारले जाणारे औषध, आणि त्याचा अंश परदेशात मोजला जाईल याचा विचार फार थोड्यांनी केलेला! या प्रसंगाने एक गोष्ट उघड झाली : एकट्या बागाईतदारास फवारणीची नोंद, तपासणी, प्रतवारी, शीतगृह आणि परदेशी ग्राहक ही सारी ओझी वाहता येत नाहीत. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली ती हे ओझे एकत्र उचलण्यासाठी. २०२२ साली तिच्यात युरोपातील गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. हा आकडा वाचून तरुणांनी दिपून जाऊ नये. पाहावयाचे ते हे, की तेथे अडचण आधी आली आणि भांडवल मागाहून आले.

अशा अडचणी प्रत्येक द्राक्षगावात आहेत. फळछाटणीनंतर वेल फुलोऱ्यात असताना पानदेठ तपासून घ्यावे लागतात. अहवाल वेळेवर हाती आला नाही, तर खताची मात्रा अंदाजाने दिली जाते. नमुने योग्य रीतीने गोळा करून प्रयोगशाळेत पोचविणे आणि अहवालाचा अर्थ बागेत उभे राहून समजावून देणे, एवढे काम एखादा कृषी पदवीधर फारशा भांडवलावाचून करू शकतो. विरळणीच्या दिवसांत पेठ व सुरगाण्याकडून मजूर टोळ्या येतात. त्यांचे वेळापत्रक, राहण्याची सोय आणि रोख हिशेब चोख ठेवणारा मध्यस्थ बागाईतदारास हवा असतो आणि मजुरांसही. टोमॅटो व ढोबळी मिरचीची निरोगी रोपे कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवून ठरल्या तारखेस देणे, हा शेडनेटखाली चालणारा आणखी एक व्यवसाय.

मनुष्यास उद्योगाची प्रेरणा कोठून मिळते, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी केला आणि १९६० नंतरच्या दशकात त्याचा प्रयोग आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांवर करून पाहिला. त्यांच्या एका साध्या खेळात मुलांस खुंटीवर कडी फेकावयास सांगितले जाई. उभे कोठे राहावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. ज्यांच्या ठिकाणी कर्तृत्वाची ओढ अधिक, ती मुले खुंटीच्या अगदी जवळ उभी राहत नसत आणि फार दूरही नसत. नेम साधण्याची आशा राहील आणि कौशल्यही लागेल, अशा मधल्या अंतरावर राहत. पहिल्याच वर्षी शीतगृहासाठी कर्ज मागणारा तरुण फार दूर उभा आहे, आणि भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा फार जवळ. फवारणीचा एक ब्लोअर घेऊन वीस बागांचे काम अंगावर घेणारा योग्य जागी उभा आहे.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने तरुणास ‘कोणती योजना हवी?’ असे प्रथम विचारू नये. गावातील दहा शेतकऱ्यांची कोणती कामे गेल्या हंगामात अडली, त्याकरिता ते किती पैसे देण्यास तयार आहेत, हे त्याला लिहून आणावयास सांगावे. अर्ज भरण्यास वेळ लागत नाही. ही यादी करण्यास एक हंगाम लागतो, आणि तो लागू द्यावा. ज्याच्या यादीतून काही निघणार नाही त्याने उद्योजक झालेच पाहिजे असेही नाही. शेतकऱ्यांच्या कंपनीत प्रतवारी, शीतसाखळी वा हिशेब यांचे काम पगारावर करणे हे कमी प्रतीचे मुळीच नव्हे.

एका गोष्टीकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. कृषी वा विज्ञान शाखेतील शिकलेल्या मुली लग्न होऊन बागाईतदारांच्या घरी येतात आणि त्यांची पदवी कपाटात राहते. पानदेठ तपासणी किंवा रोपवाटिका ही कामे त्या सहज पेलतील. २००२ साली सुरू झालेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत सर्वसाधारण लाभार्थीस ३६ टक्के, तर महिलांस ४४ टक्के अनुदान ठेवण्यात आले, ते याच विचाराने. यादी करण्याचे काम घरातील मुलावर सोपविताना ते सुनेसही सांगून पाहावे. गावातील बायाबापड्यांकडून तिला जे ऐकावयास मिळेल ते मुलाच्या कानी बहुधा पडत नाही.