आधी फ्यूज, मग बास!

शनिवार, पहाटेचे साडेपाच. पावसाळी वीकेंड. नाशिक, दिंडोरी, वणी मागे टाकत आमची गाडी सुरगाण्याकडे निघालेली. प्लॅन एकदम सिंपल. भिवतास धबधबा बघायचा, वाटेत चहा-भजी, रात्री परत. मित्रानं सेकंडहँड हॅचबॅकमध्ये नवाकोरा अँप्लिफायर आणि डिकीत सबवूफर बसवून घेतला होता. त्यामुळे गाडी कमी, डिस्को जास्त असा मामला! पुढे आम्ही दोघं, मागे वहिनी आणि त्यांची चार वर्षांची छोकरी.

बोरगाव सोडलं, वळणं आणि खड्डे वाढले आणि बास मध्येच गायब व्हायला लागला. मग वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा. पाठोपाठ डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ. गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर! धूर अगदी थोडा होता, म्हणून बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. (ज्वाळा दिसत असतील तर हा शहाणपणा करायचा नाही. बॉनेट उघडलं की हवा मिळून आग भडकते. लांब व्हायचं आणि मदत बोलवायची.) आमच्या मोबाइलला तर रेंजही नव्हती.

चोर सापडला. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड लाल वायर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून थेट आत घातली होती. भोकाला रबर नाही. प्रत्येक खड्ड्याला वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती. घासून घासून वरचं आवरण गेलं आणि तांबं बॉडीला टेकायला लागलं. तीच वायर पुढे कार्पेटखालून, त्या पोरीच्या पायाखालून डिकीत गेलेली.

गंमत म्हणजे अँपवरचा फ्यूज शाबूत!

आता कबुली. गाडीत सिस्टिम बसवताना दुकानदार म्हणाला होता, ‘मेन फ्यूजचा होल्डर संपलाय, पुढच्या आठवड्यात या.’ त्यावर ‘जाऊ दे ना यार, अँपला आहे की फ्यूज’ असं म्हणणारा महाभाग मीच होतो.

माझी चूक इथंच झाली. अँपवरचा फ्यूज अँपला सांभाळतो. बॅटरीपासून अँपपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरला सांभाळायला कुणीच नसतं. ती वायर मध्ये कुठेही बॉडीला टेकली तर करंट अँपपर्यंत जातच नाही, मग तिथला फ्यूज उडणार कसा? आणि १२ व्होल्ट म्हणजे किरकोळ, हा समज डोक्यातून काढा. शॉर्ट झाल्यावर गाडीची साधी बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर ओतते. वायर काही सेकंदांत लालभडक होऊ शकते.

म्हणून जगभर पाळला जाणारा नियम : मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १८ इंचांच्या आत. जितका जवळ तितका बरा.

किती अँपिअरचा? खोक्यावरचे ‘१२०० वॅट’ विसरा, आरएमएस वॅट बघा. समजा ४०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप आहे. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ५०० वॅट मागतो. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ३६ अँपिअर. क्लास एबी असेल तर हाच आकडा पन्नासच्या पुढे जातो. सोपा उपाय म्हणजे अँपवरच्या फ्यूजची बेरीज करा. ३०चे दोन असतील तर ६०. तेवढा करंट आरामात वाहील अशी वायर घ्या आणि फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. तांब्याच्या ८ गेजला ५० आणि ४ गेजला १०० अँपिअर ही मर्यादा धरून चाला. म्हणजे आपल्या ६०वाल्या अँपला ४ गेज वायर आणि ६० किंवा ८०चा फ्यूज. दोन अँप असतील तर वायर जिथे फुटते तिथे प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हवा.

वायर तांब्याचीच का? स्वस्त वायरमध्ये बऱ्याचदा आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी. एक तार सुरीनं खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर समजून जा. तीच वापरायची तर निदान एक साइज जाड घ्या.

पत्र्याच्या भोकाला रबर मस्ट. वायर क्लिपनं बांधा, लोंबकळू देऊ नका. अर्थची वायर प्लसइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती घट्ट आवळा, पण सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, मेन फ्यूज सगळ्यात शेवटी लावा. आणि फ्यूज उडालाच तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याचा जुगाड नको! तो का उडाला ते आधी शोधा.

आम्ही लाल वायर बॅटरीवरून काढली, टोकाला टेप गुंडाळला आणि पुढे निघालो. भिवतासपर्यंत गाणी बंद. ‘काका, गाणं का नाही?’ छोकरीनं तीनदा विचारलं. तिला काय सांगणार?

तर मंडळी, आज ऑफिसातून निघालात की पार्किंगमध्ये दोन मिनिटं थांबा. बॉनेट उघडा. प्लसवरून निघालेल्या अँपच्या वायरवर दीड फुटाच्या आत फ्यूज दिसतोय का? नसेल तर आधी ती वायर सोडवून घ्या. घरापर्यंतचा प्रवास गाण्यांशिवायही होतो.