दोन वर्षं कमी नसतात!

"किती वर्षं टिकला?" कुठल्याही बँडचं नाव काढा, मेसच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच येतो. तीस वर्षं टिकला तर ग्रेट, दोन वर्षांत फुटला तर फुसका. टायर विकत घेताना लावायचा नियम आपण गाण्यालाही लावतो. माझ्या मते हा हिशोबच चुकीचा आहे, आणि पुरावा म्हणून मी एकच बँड पुढे करतो : ऑपरेशन आयव्ही.

नाव ऐकून मिलिटरीचं काहीतरी वाटलं ना? बरोबरच आहे. १९५२ साली अमेरिकेने पॅसिफिक महासागरात ज्या अणुचाचण्या केल्या, त्यांचं हे सांकेतिक नाव. हायड्रोजन बॉम्बची पहिली पूर्ण ताकदीची चाचणी त्यातलीच. पस्तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली भागातल्या चार पोरांनी ते आपल्या बँडला दिलं. गायक जेसी मायकल्स, गिटारवर टिम आर्मस्ट्राँग, बेसवर मॅट फ्रीमन आणि ड्रम्सवर डेव्ह मेलो. आर्मस्ट्राँग आणि फ्रीमन हे तर लहानपणापासूनचे दोस्त.

हे लोक वाजवायचे ते स्का-पंक. चार मात्रा मोजा : एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. स्कामध्ये गिटारचा फटका 'एक'वर न पडता 'आणि'वर पडतो, म्हणून पाय आपोआप उचलला जातो. हे संगीत जमैकात पन्नासच्या दशकाच्या शेवटी जन्मलं. पुढे १९७९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 'द स्पेशल्स'सारख्या बँडमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र येऊन ते वाजवू लागली. त्यात पंकचा वेग आणि आरडाओरडा मिसळा, झालं स्का-पंक! ऑपरेशन आयव्हीची बरीच गाणी दोन मिनिटांच्या आसपास संपतात. चहा निवेपर्यंत दोन-तीन गाणी होतात.

आता करिअर. १९८८ मध्ये 'हेक्टिक' नावाची सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड. १९८९ मध्ये 'एनर्जी' हा पहिला अल्बम. आणि त्याच वर्षी २८ मे रोजी निरोपाचा जाहीर कार्यक्रम. संपलं! एक अल्बम, दोन वर्षं. बँडभोवतीची गर्दी आणि गाजावाजा वाढत चालला होता, आणि मुळात मित्रमंडळींसाठी वाजवणाऱ्या या पोरांना तो मानवेना. म्हणून थांबले.

कुणी म्हणेल, हा तर सरळ पळपुटेपणा. ऐन रंगात आल्यावर मैदान सोडायचं? थोडं थांबा. ते जिथे वाजवायचे ती जागा आधी बघा. गिलमन स्ट्रीटवरचा ९२४ नंबर. १९८६ च्या ३१ डिसेंबरला हा क्लब सुरू झाला. नफा नाही, मालक नाही, कामं सगळी स्वयंसेवकांची. कुठल्याही वयाच्या मुलाला प्रवेश, पण दारू नाही, मारामारी नाही आणि वर्णद्वेष अजिबात नाही. निरोपाचा कार्यक्रमही तिथेच झाला. त्या दिवशी तिथे आणखी एक नवखा बँड वाजवून गेला, त्याचं नाव ग्रीन डे. पुढच्याच वर्षी ग्रीन डेने ऑपरेशन आयव्हीचं एक गाणं स्वतःच्या रेकॉर्डवर घेतलं. १९९४ साली ते मोठ्या कंपनीतर्फे जगभर पोचले. मोठ्या कंपनीच्या बँडला गिलमनमध्ये जागा नाही हा नियम, म्हणून तिथला त्यांचा रंगमंच बंद झाला. ते परत वाजवायला आले थेट २०१५ मध्ये, आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या मदतीसाठी. म्हणजे बँड गेला, पण ज्या खोलीने तो घडवला ती खोली दुसऱ्यांना घडवत राहिली. याला मी पळपुटेपणा म्हणणार नाही.

पण थांबणं फुकटात पडत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. बँड संपल्यावर आर्मस्ट्राँग दारूच्या आहारी गेला, काही काळ राहायला घरसुद्धा नव्हतं. त्याला वर काढला तो जुन्या दोस्ताने. फ्रीमनचं म्हणणं साधं होतं : तू पिणं सोड, आपण नवीन बँड काढू. १९९१ मध्ये 'रॅन्सिड' उभा राहिला. मोठ्या कंपन्या मागे लागल्या तरी १९९५ चा त्यांचा गाजलेला अल्बम एपिटाफ या स्वतंत्र कंपनीकडूनच आला. बँड फुटला, पण दोस्ती फुटली नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा हिट हाच.

दुसरी कबुली पैशाची. 'एनर्जी' काढणारी लुकआउट रेकॉर्ड्स ही त्यांच्याच गल्लीतली, ओळखीपाळखीची कंपनी. अल्बम वर्षानुवर्षं खपत राहिला. १९९१ मध्ये 'एनर्जी', 'हेक्टिक' आणि आणखी दोन गाणी मिळून २७ गाण्यांची सीडी निघाली. पण पुढे कंपनीचा कारभार ढासळला, कलाकारांची रॉयल्टी थकली आणि एकेक बँड आपल्या रेकॉर्ड काढून घेऊ लागला. ग्रीन डेने २००५ मध्ये घेतल्या, त्यानंतर ऑपरेशन आयव्हीही निघून आर्मस्ट्राँगच्या हेलकॅट कंपनीकडे आला. २०१२ मध्ये लुकआउट बंद झाली. दोस्तीखात्यात काम करणं छानच, पण वही नीट लिहिलीच पाहिजे. इंजिनिअरांना हे वेगळं सांगायला नको!

तर मुद्दा असा. होस्टेलमधला कुठलाही बँड फार तर चार वर्षांचा असतो. ड्रमर फायनल इयरला गेला की सगळे सुतकात, "आता काय उरलं?" भरपूर उरतं राव! चार गाणी रेकॉर्ड करून ठेवा. सरावाची खोली ज्युनिअर्सच्या ताब्यात द्या, किल्लीसकट. वर्गणीचा हिशोब लिहा. आणि बँड संपल्यावर गिटारवाला दोन महिने खोलीबाहेर दिसला नाही तर त्याचं दार वाजवा.

स्टाफमधल्या मंडळींना एवढीच विनंती, की ती खोली तेवढी राहू द्या. बँड येतील आणि जातील. बर्कलीच्या त्या चार पोरांना दोन वर्षं पुरली, आपल्याला तर चार मिळतात.