पोथी आणि पुस्तक

जेवताना पानात टाकू नये आणि हाती घेतलेली पोथी अर्ध्यावर सोडू नये, हे दोन नियम मराठी घरांत मुलांच्या कानी फार लवकर पडतात. पहिल्यामागे अन्नाविषयीचा आदर आहे, दुसऱ्यामागे संकल्पाविषयीचा. 'गुरुचरित्रा'चा सप्ताह मांडला की तो सात दिवसांत पुरा व्हावयाचाच. परंतु या दोन नियमांच्या पोटी तिसरा एक नियम नकळत जन्मास आला आहे : उघडलेले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेच पाहिजे. त्याचा उच्चार कोणी करीत नाही. पाळणारे मात्र पुष्कळ आहेत.

जोयडा तालुक्यासारख्या ठिकाणी हा नियम अधिकच घट्ट बसतो. उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. येथील मराठी घरांतील मुले कन्नड शिकतात, बाजारात कोकणी बोलतात, आणि मराठी पुस्तक सहजासहजी हाती येत नाही. बेळगावास कामानिमित्त गेलेले कोणी आणते, गोव्याचा पाहुणा ठेवून जातो. इतक्या लांबून आलेले पुस्तक नावडले तरी मिटवत नाही. पुस्तक टाकले तर भाषाच टाकल्यासारखे वाटते.

ही भावना आदरणीय आहे, यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम काय होतो तेही पाहावे. चाळीस पानांवर कंटाळा आलेला वाचक ते पुस्तक सोडीत नाही आणि वाचीतही नाही. ते महिना महिना उशाशी पडून राहते. आषाढ-श्रावणात त्याला बुरशी येते. तो दुसरे पुस्तक उघडीत नाही, कारण 'आधी हे संपवू दे'. आणि शेजारच्या घरी ज्याला ते आवडले असते, त्याला ते मिळत नाही. पुस्तके थोडी आहेत म्हणून हाती आलेले रेटून वाचावे, असे आपण समजतो. आमच्या मते पुस्तके थोडी आहेत म्हणूनच ती अडवून ठेवू नयेत.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यांतील तीन. नावडते पुस्तक वेळीच पुढे देणारा वाचक हे तिन्ही सिद्धान्त एकाच वेळी पाळतो, असे आम्ही म्हणतो.

वेळेचा हिशेबही साधा आहे. महिन्यास एक पुस्तक वाचणारा मनुष्य विसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत सहाशे पुस्तके वाचील. त्यांतील पन्नास केवळ भिडेखातर वाचली, तर चार वर्षांहून अधिक काळ खर्ची पडला. फ्रेंच लेखक मोंतेन याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, एखादा ग्रंथ कंटाळवाणा वाटला तर आपण दुसरा हाती घेतो. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले; पुस्तक पुरे न करण्याचा हक्क त्यांत आहे. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम तर हिशेबीच आहे : पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पाने वाचून निर्णय करावा; त्यापुढील वाचकाने शंभरातून आपले वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने वाचावीत. सत्तरीच्या आजोबांना तीस पाने पुरेत!

अर्थात कंटाळवाणे आणि कठीण यांत भेद केला पाहिजे. दोन पाने चढण लागली म्हणून डोंगर वाईट ठरत नाही. अभ्यासाचे पुस्तक, ज्यावर आपल्याला मत द्यावयाचे आहे ते पुस्तक, ही पुरी वाचलीच पाहिजेत. शिवाय आज मिटलेले पुस्तक दहा वर्षांनी आपणहून उघडावेसे वाटते, असेही घडते. सोडले ते पुस्तक. दोष पुस्तकाचाच असेल असे नाही.

हा प्रश्न खरा अडतो तो मुलांपाशी. शाळेत मराठी न शिकणाऱ्या मुलापुढे आपण ज्ञानपीठविजेत्या लेखकाची कादंबरी ठेवतो आणि 'मराठी आहे, पुरी कर' असे बजावतो. ते मूल शंभर पाने कशीबशी ओढते, आणि मनाशी एकच खूणगाठ बांधते की मराठी म्हणजे शिक्षा. त्याच मुलाला चार पुस्तके पुढ्यात घालून 'आवडेल ते वाच, नावडेल ते ठेव' म्हटले, तर तीन ते ठेवील; पण चौथे वाचील. परमुलुखात भाषा टिकते ती या चौथ्या पुस्तकावर.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणून ती पुरी करावी. कथा-कादंबरीचे फळ मात्र शेवटच्या पानावर ठेवलेले नसते. ते वाचता वाचताच मिळावयाचे. पन्नास पानांत ते मिळाले नाही, तर पुस्तकाला नमस्कार करावा, आत ठेवलेले मोरपीस काढून घ्यावे आणि ते शेजारच्या घरी पोहोचवावे.