नागपूरचं बिल आणि पॉलिसीतलं खोलीभाडं

मोठं ऑपरेशन म्हटलं की गोंदियातून आपण बहुतेक वेळा नागपूरची गाडी धरतो. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्या, असं आयआरडीएआय या विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. छान झालं. पण उत्तर लवकर आलं म्हणजे पैसे पूर्ण मिळाले असं नाही.

खासगी पॉलिसीत हॉस्पिटल प्रत्येक सेवेचं वेगळं बिल लावतं: खोली, डॉक्टरांची व्हिजिट, ओटी. कंपनी एकेक ओळ तपासते. खरी गोम खोलीभाड्यात. समजा पॉलिसी ३ लाखांची आणि भाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली. वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं! डॉक्टर आणि ओटीची फीसुद्धा त्याच प्रमाणात अर्धी कापतात. ती १,२०,००० असेल तर ६०,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या, आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही. खोलीनुसार दर बदलत नसतील तिथेही नाही. कापलं असेल तर विचाराच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असा गुणाकारच नाही. ठरलेल्या उपचाराला ठरलेलं पॅकेज, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि उपचार यादीत हवा.

खासगी पॉलिसी असेल तर गाडीत बसल्या बसल्या पीडीएफ उघडा, ‘रूम रेंट’ सर्च करा आणि भरतीच्या काउंटरवर तेवढ्याच भाड्याची खोली मागा.