यादीत नसलेला आजार

नगर रस्त्यावरचे वाघोली हे गाव २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वीची कित्येक वर्षे त्याची ओळख दगडखाणी आणि खडीयंत्रे यांनीच ठरविलेली होती. पुण्याचे रस्ते आणि इमारती यांना लागलेली खडी इथल्या टेकड्या फोडून निघाली, आणि खाणींवर राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेच्या पाषाणशाळा निघाल्या त्याही याच परिसरात. धुळीने माणसाची छाती निकामी होते, हे वाघोलीला नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु डोळ्यांना दिसणारी धूळ आणि कायद्याला दिसणारी धूळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचे नाव निदान कायद्याच्या यादीत आहे. ज्या धुळीचे नावही त्या यादीत नाही, तिच्यात काम करणाऱ्या कामगाराच्या खोकल्याची दाद लावायची कोणी?

व्हॅनेडियम ही अशी एक धातू आहे. गंमत अशी की, ती वाघोलीच्या काळ्या पाषाणातही आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टनामागे साधारणपणे काही शे ग्रॅम व्हॅनेडियम असते. तिथे ती खनिजाच्या कणांत घट्ट जखडलेली असल्यामुळे खडी फोडणाऱ्याला तिच्यापासून भय बाळगण्याचे कारण नाही. त्याचे शत्रू दुसरे आहेत. भय सुरू होते ते ही धातू शुद्ध केल्यावर किंवा जळल्यावर तिची जी नारिंगी-पिवळी भुकटी होते, त्या व्हॅनेडियम पेंटॉक्साइडपासून. गंधकाम्लाच्या कारखान्यात सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइडमध्ये रूपांतर करणारा उत्प्रेरक म्हणून ही भुकटी वापरतात. पोलाद चिवट करण्यासाठी लागणारे फेरोव्हॅनेडियम हिच्यापासूनच होते. स्प्रिंगा, पाने आणि लेथवरची कापणारी हत्यारे यांच्या पोलादात व्हॅनेडियम असते. मराठी मुलखाशी तिचा संबंध आणखी एका वाटेने येतो. कोल्हापूर जिल्ह्यातले बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात ॲल्युमिनासाठी जाते, आणि बॉक्साइटमधील व्हॅनेडियम तिथल्या प्रक्रियेत गाळाच्या रूपाने वेगळे पडते. भारतात या धातूच्या खनिजाची स्वतंत्र खाण चालत नसल्याने असा गाळ आणि गंधकाम्ल कारखान्यांतून उतरलेला जुना उत्प्रेरक हेच तिचे देशी झरे म्हणावे लागतील.

या सर्वांहून धोक्याची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली वाट बॉयलरची आहे. खनिज तेलात व्हॅनेडियम दशलक्ष भागांत मोजण्याइतके अल्प असते. तेल जळून जाते, धातू मात्र राखेत उरते, आणि फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या बॉयलरच्या नळ्यांवर साचलेल्या राखेत तिचे प्रमाण टक्क्यांवर जाऊन पोचते. ही राख वर्षातून एकदा-दोनदा, कारखाना बंद ठेवून, आत शिरून खरवडावी लागते. जागा कोंदट, उष्णता पुरती न गेलेली, हातात तारेचा ब्रश आणि तोंडावर बहुधा रुमाल! पुणे-पिंपरी परिसरातील अनेक कारखाने आता नैसर्गिक वायूकडे वळले असल्याने हे काम कमी झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ते संपलेले नाही. आणि गंधकाम्लाच्या कारखान्यात दर शटडाउनला उत्प्रेरक बाहेर काढून चाळण्याचे आणि पुन्हा भरण्याचे जे काम असते, ते तर इंधन कोणतेही असो, चालूच राहणार आहे.

या धुळीचे परिणाम वैद्यकाला आज कळलेले नाहीत. व्हॅनेडियमच्या विषबाधेचे वर्णन १९११ सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तेलाचे बॉयलर साफ करणाऱ्या कामगारांच्या आजाराची वर्णने १९५० च्या सुमारास स्वीडन आणि ब्रिटनमधून आली. डोळ्यांची आग, नाकातून पाणी, घशाची खवखव, मग छाती भरून येणे, शिट्टीसारखा आवाज करणारा श्वास आणि दिवसेंदिवस न हटणारा खोकला, असा त्याचा क्रम. कित्येकांची जीभ हिरवट पडते. ती स्वतः निरुपद्रवी असते, परंतु धूळ अंगात गेल्याची साक्ष देते. १९६७ साली झेन्झ आणि बर्ग या दोघा अमेरिकन संशोधकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर केलेल्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम इतक्या धुळीत पाच जण आठ तास बसले. दुसऱ्या दिवशी सर्वांना खोकला लागला आणि तो उतरायला सात ते दहा दिवस लागले. याच्या निम्म्या प्रमाणातही दुसऱ्या दिवशी कफ वाढल्याचे दिसले. ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. त्रास कामाच्या जागी होत नाही, तो घरी आल्यावर होतो. कंत्राटाचे काम संपवून वाघोलीच्या खोलीवर परतलेल्या माणसाला रात्री खोकला लागला, तर तो त्याचा दोष हवेला देतो, पाण्याला देतो, फार तर रस्त्यावरच्या धुळीला देतो. कारखान्याचे नाव त्याच्या ओठांवर येण्याचे कारणच नसते.

हा आजार बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, काही आठवड्यांत शमतो. म्हणून त्याचा बाऊ करू नये, असे कारखानदारांच्या बाजूने म्हटले जाते. यात तथ्यांश आहे, पण तो अर्धा आहे. एकदा त्रास झालेल्या कामगाराला पुढच्या खेपेस तो अधिक लवकर आणि अधिक तीव्र होतो, असे निरीक्षण आहे. ज्याला सोसत नाही तो काम सोडून जातो, आणि मागे उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘आमच्याकडे कोणाला काही होत नाही’ असे म्हणणे सोपे होते. शिवाय प्रश्न केवळ खोकल्याचा राहिलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ प्रयोगात ही भुकटी श्वासातून घेणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसांत गाठी झाल्याचे स्पष्ट दिसले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्हॅनेडियम पेंटॉक्साइडला माणसात कर्करोग करण्याची शक्यता असणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले, आणि युरोपीय संघाने २०२२ च्या नियमाने त्याचे वर्गीकरण आणखी कडक केले. माणसांच्या बाबतीतला पुरावा अजून तोकडा आहे, हे खरे. मात्र जिथे आजाऱ्यांची मोजदादच होत नाही, तिथे पुरावा तोकडा राहणारच.

कायद्याची कथा या बाबतीत मोठी विचित्र आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागेतील हवेत कोणते रसायन किती असावे याची अनुसूची त्याला जोडली गेली. तीत व्हॅनेडियम पेंटॉक्साइडची श्वसनयोग्य धूळ आणि धूर यांची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ठेवलेली होती. अमेरिकेच्या कायद्यातील मर्यादा धुळीसाठी ०.५ आणि धुरासाठी ०.१ मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपला कागद किती कडक होता ते कळून येईल. पण त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने जे दिले, त्याचे बळ तिसऱ्या अनुसूचीने काढून घेतले. डॉक्टरने आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाने सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या एकोणतीस आजारांच्या यादीत शिसे आहे, पारा आहे, मँगनीज, आर्सेनिक, बेरिलियम आहे. क्रोमियमने पडणारे व्रण आहेत. व्हॅनेडियम नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यावसायिक आजारांच्या २०१० च्या सुधारित यादीत ते स्पष्टपणे नोंदलेले आहे. म्हणजे हवेत ती भुकटी किती असावी हे आपल्याला ठाऊक होते, तिने माणूस आजारी पडतो हे मात्र आपण लिहून ठेवले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि जुना कारखाना अधिनियम तिच्यात विरून गेला. तेव्हा ही यादी नव्याने तपासण्याची संधी होती. आजारांची यादी जवळपास जशीच्या तशी नव्या संहितेत उतरली. रसायनांच्या मर्यादा मात्र आता संसदेच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत राहिल्या नाहीत. त्या ठरविण्याचे काम संहितेने राज्य सरकारच्या नियमांवर सोपविले आहे. महाराष्ट्रासारख्या रसायन उद्योगाच्या राज्यात ही बाब तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ०.०५ हा आकडा कायम राहतो की उद्योगसुलभतेच्या नावाखाली सैल होतो, हे आता मुंबईत ठरणार आहे. त्याच संहितेने यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी कामगारांची किमान संख्या दहावरून वीसवर नेली आहे. धोक्याच्या कामांसाठी ही मर्यादा ओलांडण्याचा अधिकार सरकारकडे असला, तरी लहान जागेत जुना उत्प्रेरक फोडणाऱ्या किंवा पोती ओतणाऱ्या माणसाला तो अधिकार कोणी वापरला तरच उपयोगी पडणार.

मर्यादा असणे आणि ती मोजली जाणे यांतही अंतर आहे. बॉयलर साफ करण्याचे काम दोन-तीन दिवसांत आटोपते. वर्षातून ठरल्या वेळी होणाऱ्या हवेच्या मापनात ते दिवस नेमके सापडण्याचा संभव फार थोडा. म्हणून मापन कारखाना चालू असताना नव्हे, तर शटडाउनच्या दिवसांत झाले पाहिजे. उपाय महागडे आहेत असेही नाही. राख कोरडी खरवडण्याऐवजी भिजवून काढता येते, मात्र ते पाणी आम्लधर्मी असल्याने त्याची नीट विल्हेवाट लावावी लागते. उत्प्रेरक फावड्याने काढण्याऐवजी यंत्राने शोषून घेता येतो. रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. त्यासाठी गाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो. आणि काम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर लघवीतील व्हॅनेडियम मोजले, तर कोणाच्या अंगात किती गेले ते कागदावर येते. यांतले शेवटचे काम कारखान्यांना सर्वांत नकोसे वाटावे, यात नवल नाही.

ही धातू मागे पडणार नसून पुढे येणार आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सौर आणि पवन वीज साठविण्यासाठी व्हॅनेडियमच्या द्रावणावर चालणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या येत आहेत. एनटीपीसीने २०२५ साली नोएडाजवळ तशी ३ मेगावॅट-तास क्षमतेची बॅटरी सुरू केली. बॅटरीत द्रावण बंदिस्त असते, त्यामुळे धुळीचा प्रश्न तिथे नाही. तो आहे द्रावण तयार करण्यासाठी भुकटीची पोती जिथे फुटतात तिथे. अशी कामे कुठे वसतात आणि ती कोण करतो, हे नगर रस्त्याला ठाऊक आहे. वाघोलीच्या पुढे सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावची औद्योगिक पट्टी पसरलेली आहे, आणि तिथे रोज जाणारे कंत्राटी हात याच रस्त्यालगतच्या वस्त्यांत राहतात.

नव्या संहितेने प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले आहे. त्या पत्रात कामाचे स्वरूप आणि ज्या रसायनाशी गाठ पडणार त्याचे नाव लिहावे, असा नियम राज्याला करता येईल. मग छाती भरून आलेल्या माणसाने तो कागद दवाखान्यात पुढे केला, तर डॉक्टरला दम्याचे औषध लिहिण्यापूर्वी विचारण्यासारखे काही तरी हाती येईल, आणि आजार यादीत आला तर कळविण्यासारखेही.