दोन्ही घरचा दलाल

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो अशी म्हण आहे. दोन्ही घरच्या दलालाची गोष्ट मात्र नेमकी उलट आहे. पुणें-मुंबईकडे घराचा व्यवहार जुळविणारा गृहस्थ विकणाऱ्याकडून दलाली घेतो आणि पुष्कळदां घेणाऱ्याकडूनही घेतो. आणि या दुहेरी प्राप्तीला आपला सुशिक्षित मध्यमवर्ग ‘रीत’ असें नांव देऊन मोकळा होतो. ही रीत नव्हे, अनीति आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विकणाऱ्याला चढा भाव हवा, घेणाऱ्याला उतरता. यांपैकीं एकाचें हित साधणें म्हणजे दुसऱ्याचें बिघडविणें. एकाच वकिलानें वादी आणि प्रतिवादी या दोघांचेंही वकीलपत्र घेतलें तर आपण त्याला काय म्हणूं? मग विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची ऐपत या दोन्ही गोष्टी ज्याच्या मुठींत आहेत, त्या मध्यस्थाला ‘आपला माणूस’ कां म्हणावें? ८० लाखांच्या घरावर दोन्हीकडून शेकडा २ प्रमाणें दलाली मिळाली तर त्याच्या पदरीं ३ लाख २० हजार पडतात. व्यवहार फिसकटला तर कांहींच नाहीं. अशा स्थितींत घरावरचा बोजा, सोसायटीची थकबाकी किंवा एखाद्या वारसाची हरकत तो आपण होऊन सांगेल, ही अपेक्षाच भोळी होय.

कोणी म्हणतील, आतां कायदा झाला आहे. झाला आहे खरा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें दलालाला नोंदणी सक्तीची केली, आणि महाराष्ट्रांत २०२३ पासून त्याची परीक्षाही घेतली जाऊं लागली. परंतु ही सक्ती त्या कायद्याखालीं नोंदलेल्या प्रकल्पांतील खरेदी-विक्रीपुरतीच आहे. जुन्या सोसायटींतील घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातें, तेथें ती लागू नाहीं. आणि या दुहेरी दलालीला खरें रान तेथेंच मोकळें आहे. कायद्याचा हात तेथवर पोंचला पाहिजे.

दलालावांचून चालत नाहीं, असा दुसरा आक्षेप. तें आम्ही नाकारीत नाहीं. वस्ती, भाव आणि गिऱ्हाईक यांची खडान्‌खडा माहिती ठेवण्यास श्रम पडतात, आणि श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र तो एकाच पक्षाकडून, आधीं लेखी ठरवून मिळावा. मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध आणि खरेदीखताचा मसुदा हीं कामें तर स्वतंत्र वकिलाकडेच सोपवावीं. व्यवहार मोडला तरी त्याची फी बुडत नाहीं, म्हणून त्याला खरें बोलणें परवडतें.

मंडईंत दोन रुपयांसाठीं हुज्जत घालणारीं कुटुंबें जन्माची पुंजी दुसऱ्याच्या हवालीं करतांना ‘तुमची दलाली कोणाकडून?’ एवढें विचारण्यास लाजतात. ही लाज महागाची आहे. पहिल्याच भेटींत हा प्रश्न विचारावा, आणि ‘दोन्हीकडून’ असें उत्तर आलें तर नमस्कार करून उठावें.