जुना छोटा ट्रॅक्टर घेताना दोषाची पारख

द्राक्ष, डाळिंब आणि कपाशीच्या भागांत १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आढळले. एवढ्या जमिनीवर मोठ्या यंत्राचा खर्च परवडत नाही आणि द्राक्षाच्या दोन ओळींमधून किंवा कपाशीच्या तासांमधून मोठे यंत्र फिरतही नाही. नवा छोटा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत मात्र प्रत्येकाची नसते. त्यामुळे वापरलेल्या यंत्रांची खरेदी-विक्री वाढली असून, तीत स्वस्त म्हणून समोर येणारे यंत्र बहुधा काही ना काही बिघाड असलेलेच असते.

अशा यंत्राविषयी गावोगाव दोन मते ऐकू येतात. बिघडलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेलाच जाऊ नये, हे एक मत. आणि यंत्र लहान, तेव्हा दुरुस्तीही लहानच, हे दुसरे. पहिले मत सावध असले तरी गरीब शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही, कारण निर्दोष यंत्र घेण्याइतका पैसा असता तर तो जुन्या बाजारात आलाच नसता. दुसरे मत तर सरळ घातक होय. छोट्या इंजिनाचे सुटे भाग आकाराने लहान असतात, किमतीने नव्हे. शिवाय मोठ्या ट्रॅक्टरचे भाग तालुक्याच्या गावी सहज मिळतात. कमी खपाच्या छोट्या प्रकाराचा एखादा गिअर मागवावा लागला तर यंत्र दिवसेंदिवस उभे राहते. महिंद्रा कंपनीचा 'युवराज २१५' एका सिलिंडरचा, तर व्हीएसटी कंपनीचा 'शक्ती' तीन सिलिंडरचा. एकावर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्यावर तितकाच तरबेज असेल असे धरून चालता येत नाही. यास्तव यंत्र पाहावयास जाण्यापूर्वीच आपल्या गावापासून किती अंतरावर त्याचे भाग मिळतात आणि ते यंत्र पूर्वी उघडलेला मिस्त्री कोण आहे, याची चौकशी झाली पाहिजे. या दोन प्रश्नांना उत्तर न मिळाल्यास पुढील तपासणीचे श्रमही घेऊ नयेत.

बिघाड आहे की नाही, यापेक्षा बिघाडाचे नाव कळले आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. ज्या दोषाचे नाव कळले त्याची किंमत काढता येते व ती मागणीतून वजा करता येते. ज्याचे नाव कळले नाही त्याची किंमत खरेदीनंतर गॅरेजात कळते. अडचण अशी की, एकाच लक्षणामागे दहा मिनिटांचे काम असू शकते आणि संपूर्ण इंजिन उघडण्याचेही असू शकते. विक्रेता नेहमी पहिलेच कारण सांगतो. तो प्रत्येक वेळी खोटेच बोलतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते.

सकाळी इंजिन सुरू होण्यास त्रास देते व पांढरा धूर सोडते, हे नेहमीचे लक्षण घ्यावे. काही छोट्या इंजिनांत सिलिंडर आधी तापविणारे ग्लो प्लग असतात. ते निकामी झाले असल्यास बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. परंतु रिंग आणि लायनर झिजून दाब कमी झाला असला तरी नेमके हेच लक्षण दिसते. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी इंजिन तापल्यावर तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून भकाभका धूर येत असेल, मिस्त्री लोकांच्या भाषेत इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारत असेल, तर काम रिंग-पिस्टनपर्यंत जाणार हे समजून चालावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे दाखवितो. काळा धूर पुष्कळदा कोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा खराब नोझलचा असतो, आणि तो तिघांत सर्वांत कमी भयावह होय.

मात्र ही सर्व परीक्षा इंजिन थंड असतानाच सुरू झाली पाहिजे. खरेदीदार येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवणे ही या व्यवहारातील जुनी युक्ती आहे. म्हणून पोहोचताच प्रथम इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी पहाटे, शक्यतो न सांगता, परत जावे. ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवलेला दिसला तर त्याचाही अर्थ लक्षात घ्यावा.

यंत्र गरम होते, या तक्रारीचेही तसेच आहे. द्राक्षबागेत फवारणी केलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत औषधाचा व धुळीचा थर साचतो. तो धुऊन काढल्यावर पुष्कळदा तक्रारच नाहीशी होते. पण हेड गॅसकेट गेले असेल तर धुण्याने काही होत नाही. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय ते पाहावे. तेलाची पट्टी काढून तेल दुधाळ झाले आहे काय तेही पाहावे. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले असता पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. इंजिन गरम असताना मात्र हे झाकण कोणीही उघडू नये. उसळलेल्या पाण्याने चेहरा व हात भाजतात. जाता जाता हेही सांगणे अवश्य आहे की, डिझेल इंजिनातील तेल बदलल्यानंतर काही तासांतच काळे पडते. केवळ तेल काळे म्हणून चांगले यंत्र नाकारणारे शेतकरी आढळतात, आणि नुकतेच घातलेले सोनेरी तेल पाहून भुलणारेही आढळतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते.

लिफ्टची पारख बहुतेक ठिकाणी अर्धवट होते. अवजार उचलले गेले की लिफ्ट चांगली, असा समज आहे. वास्तविक थंड तेल घट्ट असल्यामुळे झिजलेला पंपही सुरुवातीला भार उचलतो. अर्धा तास काम करून तेल तापले आणि पातळ झाले, की त्याचे खरे रूप कळते. म्हणून रोटाव्हेटर किंवा दुसरे जड अवजार जोडून अर्धा-पाऊण तास जमिनीत चालवावे, मग ते उचलून इंजिन बंद करावे आणि किती वेळात खाली बसते ते दूर उभे राहून पाहावे. उचललेल्या अवजाराखाली वाकून पाहण्याची सवय टाकून द्यावी. तेल कमी असणे वा गाळणी कोंदणे, हे साधे कारण; पंप किंवा लिफ्टमधील सील-पिस्टन झिजणे, हे खर्चाचे.

क्लचकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. क्लच प्लेटची किंमत ऐकून खरेदीदार निश्चिंत होतो. परंतु ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध फोडून त्याचे दोन भाग करावे लागतात, आणि एकदा फोडल्यावर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सील ही कामेही पुढे येतात. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी, समोर माणूस वा भिंत नसताना, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो किंवा ब्रेक लागत नाही, आणि दोन्ही गोष्टी कळणे लाभाचेच आहे. गिअर सुटतो की काय हे उतारावर कळते. एकेका गिअरमध्ये, थ्रॉटल कमी करून, मंद गतीने उतरावे. सुटणारा गिअर तेथे दांडा मागे टाकतो.

छोट्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांना चारही चाकांना गती असते आणि तेथे एक दोष हमखास नजरेतून सुटतो. पुढच्या व मागच्या चाकांच्या घेराचे प्रमाण कारखान्यात ठरविलेले असते. मालकाने एका जोडीला भलत्याच मापाचे टायर बसविले, अथवा तो पक्क्या सडकेवर चारही चाकांची गती लावूनच हिंडला, तर पुढच्या आसातील गिअरवर कायमचा ताण पडतो. नवे कोरे टायर पाहून आनंदणाऱ्याने त्यांचे माप माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे. भातशेतीच्या भागातून आलेल्या यंत्राच्या आसातील तेल थोडे काढून पाहणे अगत्याचे असते. चिखलणीत सीलमधून पाणी शिरले असल्यास ते तेल करडे, गढूळ निघते.

तासांच्या मीटरवर किती विश्वास ठेवावा, हा वादाचा विषय होऊ नये. मीटर बंद पडते, बदलताही येते. क्लच व ब्रेकच्या पायदानांचे रबर, जोडणीच्या भोकांची झीज आणि तिन्ही दांड्यांच्या टोकांच्या गोळ्यांतील ढिलाई यांना मात्र तसे फसविता येत नाही. मीटर थोडे तास दाखविते आणि पायदाने गुळगुळीत झाली आहेत, असे दिसल्यास पायदानांचे म्हणणे खरे मानावे. पी.टी.ओ.च्या दांड्यावरील आवरण जागेवर आहे काय, हेही पाहावे. उपरणे किंवा साडीचा पदर त्यात गुंतून माणसे जिवानिशी गेली आहेत.

बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, जुंपून चालवितो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. तोच शेतकरी ताज्या रंगाच्या ट्रॅक्टरवर एक फेरी मारून इसार देतो, हे नवलच म्हटले पाहिजे. नव्या रंगाखाली वेल्डिंगचे सांधे आणि तेल गळल्याच्या खुणा झाकल्या जातात. धुळीने माखलेले व कोठे गळते ते स्पष्ट दाखविणारे यंत्र अशा रंगविलेल्या यंत्रापेक्षा अधिक प्रामाणिक समजावे.

दोषाचे नाव कळल्यावर हिशेब मांडावा, आणि तो मनात नव्हे, कागदावर मांडावा. समजा, त्या प्रकारचा चालू स्थितीतील जुना ट्रॅक्टर त्या भागात २,५०,००० रुपयांना जातो आणि मिस्त्रीने दुरुस्तीचा अंदाज ६०,००० सांगितला आहे. उघडल्यावर आणखी काही निघतेच, म्हणून त्या अंदाजाच्या निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये राखून ठेवावेत. खरेदीदाराची कमाल किंमत १,६०,००० झाली. विक्रेता १,९०,००० मागत असेल तर तो दुरुस्ती वजा करीत आहे, पण धोका मात्र पूर्णपणे खरेदीदाराच्या माथी मारीत आहे. अशा वेळी त्याने हेड किंवा झाकण आधी उघडू द्यावे, उघडण्या-जोडण्याची मजुरी खरेदीदाराने द्यावी, हा तोडगा रास्त होय. उघडू देण्यास साफ नकार देणाऱ्याशी पुढे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

या हिशेबात काळाचा आकडाही धरला पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवडा रोगासाठी फवारणी एक-दोन दिवसांत उरकावी लागते. त्या दोन दिवसांत ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर उभा राहिला, तर होणारे नुकसान यंत्राच्या सर्व किमतीहून अधिक असू शकते. म्हणून दोष असलेले यंत्र उन्हाळ्यात घ्यावे आणि पावसाळ्यात उघडून, जोडून, चालवून पाहावे. सप्टेंबरअखेर घाईने घ्यावयाचे झाल्यास निर्दोषच घ्यावे, नाही तर त्या हंगामापुरते भाड्याने काम करवावे. वर्षातून मोजकेच तास काम असलेल्या शेतकऱ्याला भाड्याचा मार्ग एरवीही स्वस्त पडतो. शेजारच्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने या व्यवहारात मिस्त्री होण्याची गरज नाही. आपल्या गटात कोणता ट्रॅक्टर कोण दुरुस्त करतो आणि त्याचे भाग कोठे मिळतात, याची यादी त्याच्याजवळ असली तरी मोठे काम होईल. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. त्या अहवालांतून मूळ यंत्राची शक्ती, इंधनाचा खर्च आणि लिफ्टची क्षमता कळते. हातातील जुने यंत्र मूळच्या किती मागे पडले आहे, हे शेतकऱ्याला समजावून देण्यास त्यांचा उपयोग होतो.

कागदपत्रांतील दोष मात्र कोणत्याही किमतीला स्वीकारू नये. इंजिन व चासी यांचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरविण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना बँकेच्या सही-शिक्क्यासह हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. अनुदानावर घेतलेल्या यंत्राच्या विक्रीस योजनेच्या अटी आड येत नाहीत ना, हेही विचारून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात हस्तांतर झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठीच्या २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर विक्रेत्याच्या सह्या पैसे देतानाच, साक्षीदारासमक्ष घेऊन ठेवाव्यात.